प्रकल्प अर्ध्यावर आला की शाळा गाठा

बहुतेक विज्ञान विभागांत प्रकल्प आणि शाळाभेट यांची गाठ वर्षाच्या शेवटी पडते. अहवाल बाइंडिंग होऊन आलेला असतो, व्हायव्हा उरकलेली असते, आणि मग 'समाजाभिमुख उपक्रम' हा रकाना रिकामा दिसतो म्हणून विद्यार्थ्यांच्या हातात पोस्टर देऊन त्यांना एखाद्या शाळेत धाडलं जातं. पोस्टर लागतं, फोटो निघतो, प्रमाणपत्र मिळतं. शाळेतल्या मुलांचा एक तास जातो आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या पदरात काहीच पडत नाही.

मी पदार्थविज्ञान शिकवते आणि पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रकल्प बघते. माझा आग्रह एवढाच आहे की शाळाभेट शेवटी नको, मध्यावर ठेवा. रीडिंग यायला लागलेत पण निष्कर्ष अजून लिहिलेला नाही, अशा वेळी. तेव्हा एखाद्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाने प्रकल्पाची दिशा बदलू शकते. अहवाल छापून झाल्यावर तोच प्रश्न आला तर विद्यार्थी त्याला हसून बगल देतो.

सोळा आठवड्यांचं सत्र धरलं तर माझी विभागणी अशी: पहिले तीन आठवडे विषय आणि कच्ची मोजणी, पुढचे पाच आठवडे मन लावून मोजमाप, नवव्या आठवड्यात शाळा, त्यानंतर पाच आठवडे शाळेतून आणलेल्या प्रश्नांवर काम, आणि उरलेले दोन लिहिण्यासाठी. यात थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. नववा आठवडा मात्र पुढे ढकलू नका, कारण तो एकदा सरकला की सरळ सत्राच्या शेवटाला जाऊन टेकतो.

विषय ठरवताना

मोकळं सोडलं तर विद्यार्थी भारदस्त शीर्षक घेऊन येतात. शीर्षकावर वाद घालत बसू नका. 'तू नेमकं काय मोजणार आहेस, आणि कशाने?' एवढं विचारा. याचं उत्तर एका वाक्यात आलं नाही तर विषय अजून ठरलेला नाही, असं समजा. दुसरी अट, सगळं सामान एका पिशवीत मावलं पाहिजे, कारण ते शाळेत न्यायचं आहे. आणि तिसरी, पहिल्याच आठवड्यात ओबडधोबड का होईना, एक आकडा हाती आला पाहिजे. आकडा आला की कामाला गोडी लागते. सहा आठवडे नुसतं 'संदर्भ वाचन' चाललं की प्रकल्प तिथेच मरतो, हे सगळ्याच गाइडना ठाऊक असतं, बोलून कुणी दाखवत नाही.

माझा आवडता विषय म्हणजे लेझरने केसाची जाडी मोजणे. बाळबोध वाटतो, पण त्यात भरपूर दडलेलं आहे. लाल लेझर पॉइंटरसमोर एक केस ताणून धरायचा आणि अंधाऱ्या खोलीत समोरच्या भिंतीवर बघायचं. केसाची सावली पडत नाही, उलट ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना लाल-काळ्या पट्ट्यांची रांग उमटते. प्रकाशशास्त्रातल्या बॅबिनेच्या तत्त्वानुसार केस आणि तेवढ्याच रुंदीची फट, दोन्हींची नक्षी सारखीच असते (मधला झगझगीत ठिपका सोडून), त्यामुळे फटीसाठी पाठ केलेलं सूत्र इथे जसंच्या तसं चालतं: केसाची जाडी = तरंगलांबी × केसापासून भिंतीचं अंतर ÷ लगतच्या दोन काळ्या पट्ट्यांमधलं अंतर. तरंगलांबी ६५० नॅनोमीटर आणि भिंत २ मीटरवर असेल, तर ७० मायक्रोमीटर जाडीच्या केसासाठी काळ्या पट्ट्या जवळजवळ १.९ सेंटीमीटर अंतराने पडतात. साध्या फूटपट्टीने मोजता येतील इतक्या.

सगळ्याच विभागांत लेझर नसतो, आणि तशी गरजही नाही. वनस्पतिशास्त्राची मुलं पानाच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक नेलपॉलिश लावून, वाळल्यावर चिकटपट्टीने त्याचा ठसा उचलून, सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) मोजू शकतात. रसायनशास्त्राला काळ्या स्केचपेनच्या शाईतले रंग गाळणकागदावर वेगळे करता येतात. एक मीटर लांबीचा लंबक एक पूर्ण झोका घ्यायला २ सेकंदांच्या आसपास वेळ घेतो, आणि तो वेळ मोबाइलमधल्या सेन्सरने मोजता येतो. विषय कुठलाही घ्या, वरच्या तिन्ही अटी लावून बघा.

नोंदवही

इथे मी कडक आहे. विद्यार्थ्यांना 'फेअर' जर्नलची सवय लागलेली असते: आधी कच्च्या कागदावर रीडिंग, मग त्यातले 'चांगले' निवडून सुवाच्य अक्षरात वहीत. प्रकल्पात हे पूर्ण बंद. एकच शिवलेली वही, शाईचं पेन, प्रत्येक पानावर तारीख. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. पान फाडायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोजण्याआधी अंदाज लिहायचा: 'मला वाटतं पट्ट्या अर्ध्या सेंटीमीटरवर पडतील.' अंदाज आधी लिहिलेला असला की उत्तर वेगळं आल्यावर डोकं चालायला लागतं. नाही तर माणूस आलेल्या प्रत्येक आकड्याला 'हो, असंच येणार होतं' म्हणतो.

त्रुटींचा विचार शिकवायला केसाइतकी चांगली वस्तू नाही. आधी त्यांना स्क्रू गेजने केस मोजायला सांगा. नेहमीच्या स्क्रू गेजचा लीस्ट काउंट (त्याला मोजता येणारं सगळ्यात लहान अंतर) ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रोमीटर. ७० मायक्रोमीटरच्या केसात असे अवघे सात भाग. एक भाग इकडेतिकडे झाला की चौदा टक्के फरक, त्यात केस दाबला जातो तो वेगळाच. आता लेझरकडे वळा. एकाच जोडीतलं अंतर मोजण्याऐवजी डावीकडच्या चौथ्या काळ्या पट्टीपासून उजवीकडच्या चौथ्या काळ्या पट्टीपर्यंत मोजायला लावा. हे अंतर म्हणजे आठ घरं, सुमारे १४.९ सेंटीमीटर. त्यात २ मिलिमीटरची चूक झाली तरी ती दीड टक्क्याच्या आत राहते. (मधली उजळ पट्टी इतरांच्या दुप्पट रुंद असते, तिला एकच घर धरून सातने भागणारे महाभाग दरवर्षी निघतात. त्यांना सांगू नका, पट्ट्या कागदावर खुणा करून मोजू द्या.)

मग विचारा: आता सगळ्यात मोठी शंका कुठे आहे? बराच वेळ काळी पट्टी, फूटपट्टी, हात थरथरणं यावर चर्चा चालते. पॉइंटरवर छापलेल्या '६५० नॅनोमीटर'कडे कुणाचं लक्ष जात नाही. तो आकडा दहा नॅनोमीटरने इकडचा तिकडे असेल तर उत्तरात दीड टक्क्याचा फरक पडतो, आणि हजार वेळा मोजलं तरी तो कमी होत नाही. यादृच्छिक (दर वेळी वेगळ्या) आणि पद्धतशीर (दर वेळी एकाच बाजूच्या) त्रुटींमधला फरक व्याख्येवरून कधी डोक्यात शिरत नाही, असा शिरतो.

शाळेत जाण्याआधीची तयारी

शाळेच्या विज्ञान शिक्षकांशी विद्यार्थ्यांनी स्वतः बोलायचं. तुम्ही फोन करून सगळं जमवून दिलंत तर एक कौशल्य तिथेच गेलं. कुठली इयत्ता, किती मुलं, खोलीत अंधार होतो का, टेबल हलतं का, मुलांचा प्रकाशाचा धडा झालाय का, हे सगळं विचारून नोंदवहीत लिहायचं. तास चालू असताना शाळेचे शिक्षक वर्गात थांबतील, हे आधीच ठरवून घ्या. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. शाळेने आणि पालकांनी परवानगी दिली असेल तरच, आणि तीही खरोखर गरज असेल तर.

लेझरच्या बाबतीत हयगय नको. एक मिलिवॉटच्या आतला, म्हणजे लेझर-सुरक्षेच्या वर्गवारीत 'क्लास २' असलेला पॉइंटर न्या आणि लेबलवर विसंबून न राहता विभागातल्या पॉवर मीटरवर तपासून घ्या. पॉइंटर टेबलाला पक्का बांधा, झोत मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊ देऊ नका, वाटेत चकचकीत वस्तू ठेवू नका. चालू-बंद करण्याचं बटण फक्त आपल्या विद्यार्थ्याच्या हातात.

केस कुणाचा? आपल्या विद्यार्थ्यांचा. शाळेतल्या मुलांचे केस मोजून 'कुणाचा जाड, कुणाचा पातळ' असा खेळ रंगतो खरा, पण त्यातून चिडवाचिडवी सुरू व्हायला एक मिनिट पुरतं.

रंगीत तालीम दोनदा घ्या आणि प्रेक्षक दुसऱ्या विभागातले आणा, इतिहासाचे, वाणिज्यचे. आपल्याच विभागातले लोक माना डोलावतात आणि त्याचा उपयोग शून्य. तालमीत एक जुनी युक्ती वापरा. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळातली व्याख्यानं १८२५ साली सुरू झाली, आणि मायकेल फॅरेडे तिथला गाजलेला वक्ता. तो बोलण्याच्या भरात वेग वाढवायचा. म्हणून 'सावकाश' असं लिहिलेलं कार्ड समोर ठेवायचा, आणि त्याचंही भान सुटलं तर ते पुढे करण्याची सूचना त्याच्या साहाय्यकाला, अँडरसनला, दिलेली असायची. तास संपत आला की 'वेळ' लिहिलेलं कार्ड यायचं. फॅरेडेला लागत होतं, तर आपल्या मुलांना कार्ड दाखवून घ्यायला लाज कसली? जोडीदाराच्या हातात दोन्ही कार्डं द्या. प्रत्यक्ष वर्गातसुद्धा ती वापरा, शाळेतल्या मुलांना त्याची गंमतच वाटते.

वर्गात

आपल्या विद्यार्थ्यांचे तीन-तीनचे गट करा. एक जण बोलतो, एक जण प्रयोग सांभाळतो, आणि तिसरा फक्त मुलांचे प्रश्न लिहून घेतो, जसेच्या तसे, मुलांच्याच शब्दांत. दुसऱ्या वर्गावर गेले की कामं बदलायची. अबोल विद्यार्थ्याला पहिल्यांदा लिहायचं काम द्या. तासभर मुलांचे प्रश्न टिपल्यावर पुढच्या वर्गात तो सगळ्यात चांगला बोलतो, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

तासाची सुरुवात प्रस्तावनेने करू नका. 'विज्ञान आपल्या सभोवती आहे' वगैरे ऐकून मुलं पहिल्याच मिनिटाला खिडकीबाहेर बघायला लागतात. आधी अंदाज, मग प्रयोग, मग कारण, हा क्रम धरा. केस आणि त्याच्यापेक्षा जाड अशी तांब्याची तार, दोन्ही मुलांच्या हातात द्या आणि विचारा: 'कुणाची नक्षी भिंतीवर जास्त पसरेल?' प्रत्येकाने उत्तर कागदावर लिहायचं. बहुतेकांचं उत्तर तारेच्या बाजूने असतं, कारण जाड वस्तूची सावली जाड पडते हे त्यांनी पाहिलेलं असतं. मग दिवे घालवा. केसाची नक्षी जास्त पसरलेली दिसली की वर्गात जो कल्ला होतो, तो होऊ द्या. 'विवर्तन', म्हणजे अडथळ्याच्या कडेशी प्रकाशाचं वळून पसरणं, हा शब्द त्यानंतर.

प्रश्न विचारला की थांबायचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातली संभाषणं टेप करून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदसुद्धा धड थांबत नाहीत, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात, असं तिला दिसलं. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. पस्तीस जोडी डोळे तुमच्याकडे बघत असताना ते संपता संपत नाहीत. विद्यार्थ्यांना मनातल्या मनात 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' मोजायला सांगा.

आता हे सगळं मध्यावरच का, ते एका तासावरून सांगते. आठवीचा वर्ग. माझी एक विद्यार्थिनी फळ्यावर ७२ मायक्रोमीटर हा आकडा मोठ्या ऐटीत लिहून वळली. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ''ताई, हा आकडा बरोबर आहे हे तुम्हाला कसं कळलं?''

''सूत्रावरून.''

''आणि सूत्र बरोबर आहे हे?''

विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत तोंड खुपसलं. अशा वेळी गाइडने मदतीला धावायचं नसतं, हेही या मार्गदर्शनात लिहून ठेवते. तिने कार्डाकडे पाहिलं, श्वास घेतला आणि म्हणाली, ''ते आम्ही तपासलेलं नाही. तपासून सांगते.'' त्या एका वाक्यासाठी मी तिला पूर्ण गुण दिले असते.

परत आल्यावर

खरा प्रकल्प इथून सुरू होतो. दुसऱ्याच दिवशी, आठवण ताजी असताना, टिपलेले सगळे प्रश्न भिंतीवर लावा. त्यांचे आपोआप तीन ढीग पडतात: पुस्तकात उत्तर आहे ते, प्रयोग करून उत्तर काढता येईल ते, आणि आज कुणालाच नीट सांगता येणार नाही ते. प्रत्येक गटाने दुसऱ्या ढिगातला एक प्रश्न उचलायचा आणि उरलेल्या आठवड्यांत त्याचा पाठपुरावा करायचा.

त्या विद्यार्थिनीने अर्थातच 'कसं कळलं?' उचलला. सूत्र तपासायचं तर जाडी दुसऱ्या मार्गाने माहीत असलेली वस्तू हवी. तिने तांब्याची बारीक तार घेतली. स्क्रू गेजने ०.१२ मिलिमीटर आलं, पण त्याचा भरवसा किती हे तिला आता माहीत होतं. मग तिने तार पेन्सिलीभोवती एकाला एक चिकटून शंभर वेढे देऊन गुंडाळली आणि वेढ्यांची एकूण रुंदी व्हर्नियरने मोजली: १२.० मिलिमीटर. म्हणजे तार ०.१२० मिलिमीटर, आणि शंका एका टक्क्याच्या आसपास. लेझरने मात्र ०.१२६ आलं.

पाच टक्के जास्त. दोन दिवस ती सूत्रावर संशय घेत होती, मग लेझरच्या लेबलवर. शेवटी टेबलावरची मांडणी जशीच्या तशी कागदावर काढायला सांगितली तेव्हा उलगडा झाला: भिंतीपर्यंतचं २.१ मीटर अंतर तिने लेझरच्या तोंडापासून मोजलं होतं, आणि तार लेझरच्या दहा सेंटीमीटर पुढे होती. सूत्रातलं अंतर तारेपासूनचं. २.० घालून हिशोब केला, ०.१२० आलं. केसाचे आधीचे सगळे आकडेही तिने त्याच प्रमाणात दुरुस्त केले आणि फळ्यावरचे ७२ मायक्रोमीटर ६८.६ वर आले. ही चूक मी पहिल्या महिन्यातच दाखवू शकले असते, आणि ती पुढच्या परीक्षेपर्यंत विसरली असती.

सगळ्याच गटांना इतका नेमका प्रश्न मिळत नाही. काही वेळा मुलं लाजतात, काही वेळा तास गोंधळात जातो आणि वहीत 'लेझर कितीला मिळतो?' एवढंच उरतं. अशा गटाला दुसऱ्या वर्गावर पाठवा. शाळेच्या शिक्षकांना विनंती केली तर बहुधा जमतं.

गुण कसे द्यायचे

अहवालाला सत्तर-ऐंशी गुण ठेवलेत तर विद्यार्थी अहवालच सजवणार. मी १०० गुण असे वाटते: नोंदवही ३०, मोजमाप आणि त्रुटींचा विचार २५, शाळेतल्या प्रश्नामुळे प्रकल्पात काय बदललं त्याला २०, शाळेतलं सत्र १५, लेखी अहवाल १०. 'अहवालाला फक्त दहा?' असं सहकारी विचारतात. नोंदवही नीट असेल तर अहवाल आठवड्याभरात लिहून होतो, आणि नीट नसेल तर त्या अहवालाला दहासुद्धा जास्त आहेत.

शाळेतल्या सत्राचे गुण देताना सफाईदार बोलण्याला भुलू नका. मी तीनच गोष्टी बघते: मुलांनी हाताने काही केलं का, प्रश्नानंतर विद्यार्थी थांबला का, आणि 'माहीत नाही' म्हणायची वेळ आली तेव्हा त्याने काय केलं. वर्गात हशा पिकवणारा विद्यार्थी या तिन्हींत नापास होऊ शकतो.

'प्रकल्पात काय बदललं' याचे वीस गुण देताना शाळेच्या आधीचं आणि नंतरचं पान समोरासमोर ठेवायला सांगा. विद्यार्थी दोन्ही पानांवर बोट ठेवून फरक दाखवू शकला पाहिजे. बदल झालाच नसेल तर तो का झाला नाही, हेही पटवून देता येतं, आणि त्यालाही गुण आहेत.

शाळेचं देणं

मुलांनी प्रश्न दिले, तर उत्तरं पोहोचलीच पाहिजेत. सत्र संपण्याआधी प्रत्येक गटाने त्या वर्गाला हाताने लिहिलेलं एक पत्र पाठवायचं. पहिल्या दोन्ही ढिगांतल्या प्रश्नांची उत्तरं त्यात द्यायची आणि तिसऱ्या ढिगातल्या प्रश्नांपुढे 'हे अजून शोधायचं आहे' असं स्वच्छ लिहायचं. पत्र दोन पानांचं असावं, आकृत्या हाताने काढलेल्या, आणि त्यात मुलांना स्वतः करून बघण्यासारखं एक तरी काम हवं. तारेच्या शंभर वेढ्यांचं काम त्यासाठी उत्तम: पेन्सिल, तार आणि शाळेची पट्टी एवढ्यावर होतं. पट्टीने अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी उत्तर चार-पाच टक्क्यांत येतं. तारेचा तुकडा पाकिटात घालून पाठवा, आणि तिची जाडी पत्रात लिहू नका. मुलांनी मोजून कळवायची. त्यांचे आकडे आले की आपल्या विद्यार्थ्यांच्या आकड्यांशेजारी त्याच नोंदवहीत उतरवून घ्या, पुढच्या वर्षीच्या गटाला सुरुवात करायला तिथूनच सांगता येईल.